टायरचे आयुष्य : शर्यतीच्या ट्रॅकवर आणि आपल्या रस्त्यावर

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांचे जीवन गेल्या काही दशकांत चाकांवर आले आहे. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत पाळीवर जाणारा कामगार, पहाटे डेअरीवर दूध घालणारा शेतकरी, महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी आणि सुटी संपल्यावर मुलाला वसतिगृहात सोडायला येणारे पालक हे सारे बहुधा दुचाकीवरच असतात. या दुचाकीचे इंजिन आपण जपतो, तेल बदलतो, साखळी घट्ट करतो. परंतु जमिनीला टेकणारा तिचा एकमेव भाग, म्हणजे टायर, पंक्चर झाल्याशिवाय आपल्या लक्षात येत नाही.

बैलगाडीच्या काळी लोहार लोखंडी धाव भट्टीत लाल होईपर्यंत तापवून लाकडी चाकावर चढवीत असे आणि वर पाणी ओतून ती आवळून घेत असे. ती धाव वर्षानुवर्षे झिजे आणि झिजलेली धाव कोणाच्याही डोळ्यांना दिसे. रबरी टायरचे तसे नाही. टायर दोन प्रकारे संपतो. पहिल्या प्रकारात त्याचे रबर घासून जाते आणि नक्षी नाहीशी होते, हे दिसते. दुसऱ्या प्रकारात नक्षी जागच्या जागी असते, पण रबराचा जिवंतपणा जातो. हे दिसत नाही. पहिली झीज आपण सारे ओळखतो. दुसरी समजून घ्यायची असेल, तर मोटारसायकल शर्यतीच्या ट्रॅककडे पाहावे लागते. आपल्या रस्त्यावर टायरचे जे काही वीस हजार किलोमीटरमध्ये घडते, ते ट्रॅकवर शंभर किलोमीटरमध्ये घडते. म्हणून शर्यतीचा ट्रॅक ही टायरची प्रयोगशाळाच आहे, आणि तिथले निष्कर्ष आपल्या घरातील माणसांच्या जिवाशी थेट संबंधित आहेत.

रबर : एक विलक्षण द्रव्य

रबराच्या झाडाचा चीक हा टायरचा मूळ घटक होय. आपल्या देशात त्याचे सर्वाधिक उत्पादन केरळात होते. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक पडते. त्याचा टायर होऊ शकत नाही. १८३९ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना असे आढळले, की रबरात गंधक मिसळून ते तापविले असता ते लवचिक आणि टिकाऊ बनते. रबराचे रेणू म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या लांबलचक दोऱ्या. गंधक या दोऱ्यांमध्ये ठिकठिकाणी गाठी बांधतो. गाठी बेताच्या असतील तर रबर मऊ राहते, फार झाल्या तर ते कडक आणि ठिसूळ होते. टायरच्या आयुष्याचे मर्म या गाठींमध्ये आहे. पुढे त्यांच्याकडे पुन्हा यावे लागेल.

आजच्या टायरमध्ये नैसर्गिक रबराबरोबर कृत्रिम रबर, कार्बन ब्लॅक, सिलिका, तेले, झिंक ऑक्साइड, गंधक आणि रबराला हवेपासून वाचविणारी रसायने असतात. टायर काळा दिसतो तो कार्बन ब्लॅकमुळे, आणि त्याची घासण्याला तोंड देण्याची शक्तीही मोठ्या प्रमाणात त्यामुळेच वाढते. या मिश्रणाला टायर उद्योगात ‘कंपाउंड’ म्हणतात. आत नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या धाग्यांचे थर असतात आणि मोठ्या वेगाच्या रेडियल टायरमध्ये बारीक पोलादी तारांचा पट्टाही असतो. अशा पोलादी तारा, ज्यांना स्टील कॉर्ड म्हणतात, आपल्या शिरूर तालुक्यातील रांजणगाव येथे बेकार्ट कंपनीच्या कारखान्यात तयार होतात. नागपूरजवळ बुटीबोरी येथे सिएट कंपनीचा दुचाकीच्या टायरचा मोठा कारखाना आहे. म्हणजे हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूरचा नाही.

कंपाउंड बनविणाऱ्यापुढे नेहमी एक पेच असतो. रबर मऊ ठेवले तर पकड उत्तम मिळते, पण झीज लवकर होते. रबर कडक ठेवले तर टायर खूप चालतो, पण पकड कमी होते. रोजच्या वापराच्या मोटारसायकलला टिकाऊ टायर हवा असतो. शर्यतीच्या मोटारसायकलला पकड हवी असते, मग टायर संध्याकाळी फेकून द्यावा लागला तरी चालेल. दोन्ही काळे, दोन्ही गोल. पण त्यांची कुळे वेगळी आहेत.

तळहाताएवढी जागा

मोटारसायकलचा प्रत्येक टायर कोणत्याही क्षणी जमिनीला फक्त तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो. वेग वाढविणे, थांबणे आणि वळणे ही तिन्ही कामे एवढ्याशा जागेतून होतात. इथे रबर दोन प्रकारांनी रस्ता धरते. एक तर त्याचे रेणू रस्त्याच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात. दुसरे असे, की मऊ रबर डांबरातील खडीच्या बारीक उंचवट्यांभोवती दबते आणि पुन्हा पूर्ववत होताना थोडे मागे रेंगाळते. या रेंगाळण्यात ऊर्जा खर्च होते, तिची उष्णता बनते आणि पकडही त्यातूनच मिळते. पकड आणि उष्णता या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत.

चाक नुसते फिरत असते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते फिरता फिरता थोडे घसरतही असते. वेग वाढविताना मागचे चाक जमिनीपेक्षा किंचित अधिक वेगाने फिरते, ब्रेक लावताना किंचित कमी वेगाने, आणि वळणावर टायर ज्या दिशेला रोखलेला असतो त्यापेक्षा किंचित बाहेरच्या दिशेने जातो. हे अल्पसे घसरणे हेच झिजेचे कारण होय. साध्या रस्त्यावर ते नगण्य असते, ट्रॅकवर प्रचंड असते.

वेगाचा हिशेब शाळेतील भौतिकशास्त्राने करता येतो. वळणावर गाडीला आत खेचण्यासाठी लागणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एकाच वळणावर ताशी ४० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने गेल्यास ते बल दुप्पट होत नाही, चौपट होते. मोटारसायकल ४५ अंशांनी कलली असता टायरला गाडी आणि चालक यांच्या एकत्रित वजनाएवढे बल आडवे पेलावे लागते. मोटोजीपी या जागतिक अजिंक्यपद शर्यतीतील चालक ६० अंशांपलीकडे कलतात आणि सरळ मार्गावर ताशी ३५० किलोमीटरच्या वर जातात. हे सारे तळहाताएवढ्या रबरावर चालते.

उष्णता : सोबती आणि वैरी

शर्यतीचा टायर थंड असताना जवळजवळ निरुपयोगी असतो. त्याचे रबर साधारणतः ८० ते १०० अंश सेल्सिअस तापल्यावरच खऱ्या अर्थाने रस्ता धरते. म्हणून शर्यतीपूर्वी टायरला विजेवर तापणारे वेष्टन गुंडाळून ठेवतात. त्याला टायर वॉर्मर म्हणतात. टायरची विजेची गोधडी म्हटले तरी चालेल. गोधडी काढल्यावर एक-दोन फेऱ्यांत टायर योग्य तापमानात टिकला नाही, तर अनुभवी चालकही पहिल्याच वळणावर पडतो.

परंतु उष्णता मर्यादेपलीकडे गेली की तीच वैरी होते. रबर फार मऊ पडते, गाडी वळणावर सरकू लागते. सरकल्यामुळे आणखी उष्णता निर्माण होते आणि टायर आणखी लवकर संपतो. म्हणूनच चांगला चालक पहिल्या फेरीपासून टायर वापरतो तसा वाचवितोही. शेवटच्या पाच फेऱ्यांसाठी रबर शिल्लक ठेवणे हे शर्यतीतील मोठे कौशल्य मानले जाते.

हवेचा दाबही तापमानाबरोबर बदलतो. समजा, ३० अंश तापमानात टायरमध्ये ३० पीएसआय हवा भरली आणि आतील हवा ८० अंशांपर्यंत तापली, तर वायूच्या नियमानुसार हा दाब सुमारे ३७ पीएसआय होतो. दाब अधिक झाला की टायर फुगून जमिनीला कमी जागेत टेकतो. दाब कमी असेल तर टायरची भिंत सतत दुमडत राहते आणि तो आतून तापतो. शर्यतीतील तंत्रज्ञ हा दाब अत्यंत काटेकोरपणे ठरवितात. मोटोजीपीमध्ये तर पुढच्या टायरचा दाब ठरावीक किमान मर्यादेखाली राहिल्यास चालकाला वेळेची शिक्षा होते.

टायर वाचता येतो

ट्रॅकवरून परतलेला टायर जाणकार माणूस पुस्तकासारखा वाचतो. पृष्ठभाग एकसारखा खरखरीत दिसत असेल, तर झीज निकोप आहे. खोडरबर जोरात घासल्यावर त्याच्या जशा वळ्या निघतात, तशा वळ्या टायरवर दिसल्या, तर टायर पुरेसा तापला नव्हता आणि वरचा थर आडवा फाटत गेला असे समजतात. याला ‘ग्रेनिंग’ म्हणतात. तव्यावरच्या भाकरीला जसे फोड येतात, तसे फोड टायरवर उठले असतील, तर तो आतून प्रमाणाबाहेर तापला आहे. याला ‘ब्लिस्टरिंग’ म्हणतात. असा टायर पुन्हा वापरू नये. झिजलेल्या रबराचे कण ट्रॅकच्या कडेला साचतात, त्यांना चालक ‘मार्बल्स’ म्हणतात. आणि गोट्यांवर पाय पडल्यावर जी गत होते, तीच त्यांवर चाक गेल्यावर होते.

झीज टायरच्या कोणत्या भागावर आहे यावरूनही बरेच कळते. ट्रॅकवर गाडी बहुतांश वेळ कललेली असते, म्हणून टायरच्या दोन्ही कडा आधी झिजतात आणि मधला भाग तुलनेने शिल्लक राहतो. ज्या ट्रॅकवर उजवी वळणे अधिक, तिथे उजवी कड आधी जाते. म्हणून शर्यतीसाठी एकाच टायरच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या कडकपणाचे रबर लावतात. आपल्या रस्त्यावर याच्या अगदी उलट घडते. पुणे–अहिल्यानगर किंवा पुणे–सोलापूर महामार्गावर रोज सरळ चालणाऱ्या मोटारसायकलचा मागचा टायर मधोमध झिजून सपाट होतो. अशी गाडी वळणावर कलताना गोल टायरप्रमाणे सहज कलत नाही. सपाट भागाच्या कडेवरून एकदम कलंडल्यासारखी वाटते. रोटी घाटात उतरताना किंवा चौकात वळताना ‘गाडी ओढते’ असे वाटण्यामागे अनेकदा हे कारण असते.

दिसत नाही ती झीज

आता मघाच्या गंधकाच्या गाठींकडे वळू. कारखान्यात टायर साच्यात घालून तापवितात, तेव्हा बहुतेक गाठी बांधल्या जातात. पण ती प्रक्रिया तिथे कायमची थांबत नाही. टायर ट्रॅकवर शंभर अंशांपर्यंत तापला की आत ती पुन्हा सुरू होते, रेणूंची बांधणी बदलते आणि रबराला मऊ ठेवणारी तेले हळूहळू उडून जातात. टायर थंड होतो तेव्हा तो पूर्वीपेक्षा किंचित कडक झालेला असतो. एकदा तापणे आणि एकदा थंड होणे याला ‘हीट सायकल’ म्हणजे उष्णतेचे एक आवर्तन म्हणतात. हौशी चालकांच्या सरावाच्या दिवशी पंधरा-वीस मिनिटांची पाच-सहा सत्रे होतात, म्हणजे एका दिवसात टायर पाच-सहा वेळा तापतो आणि निवतो. अशा आवर्तनांनंतर टायरवर रबर भरपूर दिसते, पण पकड गेलेली असते. शिळी भाकरी दिसायला ताज्या भाकरीसारखीच असते. हाताने मोडल्यावर फरक कळतो. टायरचा फरक मात्र वळणावर कळतो, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

म्हणून ‘शर्यतीचा टायर किती किलोमीटर चालतो?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. रस्त्याचा खरखरीतपणा, हवामान, गाडीची शक्ती, चालकाची शैली, हवेचा दाब आणि उष्णतेची आवर्तने या सर्वांवर ते अवलंबून असते. चोवीस तासांच्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींत साधारण तासाभराने पेट्रोल भरायला थांबतात, तेव्हा बहुधा टायरही बदलून घेतात. मोटोजीपीच्या मुख्य शर्यतीत टायरने शंभर-सव्वाशे किलोमीटर नीट काम केले की त्याचे जीवितकार्य संपते.

फिलिप आयलंड : जेव्हा टायर दहा फेऱ्यांत संपला

टायरच्या आयुष्याने संपूर्ण शर्यत बदलून टाकल्याचे ठळक उदाहरण म्हणजे २० ऑक्टोबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियातील फिलिप आयलंड येथे झालेली मोटोजीपी शर्यत. त्या ट्रॅकवर नव्याने डांबरीकरण झाले होते. नवे डांबर टायरला घट्ट धरत होते आणि म्हणूनच टायर कल्पनेपेक्षा फार अधिक तापत होते. सरावातच मागच्या टायरची अवस्था पाहून आयोजकांच्या लक्षात आले, की हे टायर पूर्ण अंतर टिकणार नाहीत. २७ फेऱ्यांची नियोजित शर्यत शेवटी १९ फेऱ्यांची करण्यात आली आणि नियम केला गेला, की एका टायरवर कोणीही दहापेक्षा अधिक फेऱ्या मारू नयेत. मध्येच आत येऊन नवे टायर लावलेली दुसरी मोटारसायकल घ्यावी. अजिंक्यपदाच्या शर्यतीत आघाडीवर असलेल्या मार्क मार्केझ यांनी मोटारसायकल बदलण्यास एक फेरी उशीर केला आणि त्यांना शर्यतीतून बाद करण्यात आले. शर्यत होर्हे लोरेन्झो यांनी जिंकली.

त्या ट्रॅकची एक फेरी ४.४४८ किलोमीटरची आहे. म्हणजे जगातील अत्यंत महागड्या आणि प्रगत टायरचे सुरक्षित आयुष्य त्या दिवशी ४५ किलोमीटरहून कमी ठरले. शिरूरहून पुण्याकडे निघालेला असा टायर कोरेगाव भीमा ओलांडून लोणीकंदच्या आसपासच संपला असता. या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. टायर चांगला असला तरी तो त्या रस्त्यासाठी योग्य असेलच असे नाही. आणि मर्यादा ओळखून शर्यत लहान करणे यात कमीपणा नाही; त्या दिवशी तोच शहाणपणा होता.

आपल्या देशातील ट्रॅक

आपल्या देशात मोटारसायकल शर्यतींची परंपरा दक्षिणेत अधिक रुजली. चेन्नईजवळच्या शोलावरम येथील जुन्या विमानाच्या धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती होत. पुढे श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे ३.७ किलोमीटरचा ट्रॅक उभा राहिला आणि कोइंबतूर येथे कारी मोटर स्पीडवे झाला. आजही शर्यतीचे स्वप्न पाहणारा महाराष्ट्रातील तरुण सरावासाठी बहुधा याच ठिकाणी जातो.

उत्तर प्रदेशातील गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात, ग्रेटर नोएडा येथे २०११ मध्ये बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट सुरू झाले. तथागतांच्या नावाच्या जिल्ह्यात असल्यामुळे त्याला हे नाव मिळाले. तेथे २४ सप्टेंबर २०२३ रोजी भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत झाली आणि इटलीच्या मार्को बेझेक्की यांनी ती जिंकली. प्रचंड उकाड्यामुळे चालकांच्या प्रकृतीचा विचार करून शर्यत २४ फेऱ्यांवरून २१ फेऱ्यांवर आणण्यात आली. एकूण अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरले. दौंडहून पुण्याला जाऊन परत यायलाही ते अंतर पुरत नाही. पण तेवढ्यात प्रत्येक मोटारसायकलच्या टायरची जोडी कामातून गेली.

पुणे जिल्ह्याचाही या क्षेत्राशी जवळचा संबंध आहे. चाकण येथील बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होणारी केटीएम आरसी ३९० ही मोटारसायकल अमेरिकेत २०१५ मध्ये सुरू झालेल्या तरुणांच्या स्वतंत्र शर्यत-मालिकेत धावली. बारामती येथील पियाजिओच्या कारखान्यात एप्रिलिया आरएस ४५७ ही मोटारसायकल तयार होते. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात झाली. ती मातीच्या ट्रॅकवरील शर्यत होती. तिथले टायर मोठ्या ठोकळ्यांचे असतात. ते मातीत रुततात, आणि त्या ठोकळ्यांच्या धारदार कडा गोल झाल्या की रबर शिल्लक असूनही टायर शर्यतीच्या कामाचा राहत नाही. शिरूरपासून जवळच, अहिल्यानगर येथे संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेची वाहन संशोधन प्रयोगशाळा असून तिथे वाहनांच्या चाचणीसाठी स्वतंत्र ट्रॅक आहेत. वाहन आणि टायर यांची परीक्षा घेणे हे एक गंभीर शास्त्र आहे, याची ही सारी उदाहरणे होत.

ट्रॅकवरचा टायर रस्त्यावर का नको?

शर्यतीतून किंवा सरावातून निघालेले टायर जुन्या बाजारात विक्रीला येतात. तरुणांच्या आवडीच्या अनेक स्पोर्ट्स मोटारसायकलींची चाके १७ इंचांची असल्यामुळे हे टायर त्यांना बसू शकतात. किंमत कमी, रुंदी अधिक, आणि मधली नक्षी जवळजवळ नवी. त्यामुळे सौदा फायद्याचा वाटतो. वरील विवेचनानंतर या सौद्याचा धोका वाचकांच्या सहज लक्षात येईल.

पहिली गोष्ट, मधला भाग शिल्लक आहे तो टायर कमी वापरला म्हणून नव्हे, तर तो कडांवर वापरला गेला म्हणून. दुसरी गोष्ट, अनेक आवर्तनांनी रबर कडक झालेले असते. तिसरी गोष्ट, ट्रॅकचे रबर ज्या तापमानाला काम करते, ते कारखान्याच्या पहाटेच्या पाळीला जाताना कधीच गाठले जात नाही. चौथी गोष्ट, अगदी नक्षी नसलेला ‘स्लिक’ टायर कोरड्या ट्रॅकसाठीच असतो. टायरच्या खाचा पकड वाढविण्यासाठी असतात हा समज अपुरा आहे. त्यांचे मुख्य काम पाणी बाहेर काढणे हे होय. खाचा नसतील तर पावसात टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो आणि गाडी त्यावर तरंगते. अशा टायरवर अनेकदा ‘महामार्गावर वापरासाठी नाही’ या अर्थाची इंग्रजी सूचना छापलेली असते. ती वाचून पाहावी.

याच कारणाने, गुळगुळीत झालेल्या टायरवर तापलेल्या हत्याराने नव्या खाचा पाडून घेणे हा आत्मघातकी उपाय आहे. त्यामुळे रबर वाढत नाही. उरलेले कमी होते आणि आतील धाग्यांना इजा होते. मूळ मापापेक्षा फार रुंद टायर अरुंद रिमवर चढविणेही हितावह नाही. टायर कडांनी दाबला जातो, त्याची गोलाई बिघडते आणि वळणावर जमिनीला टेकणारी जागा उलट कमी होते.

आपण काय पाहावे?

१. नक्षीची खोली : केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरची खोली किमान ०.८ मिलिमीटर असली पाहिजे. बँकेच्या कार्डाची जाडी सुमारे ०.७६ मिलिमीटर असते. त्यावरून अंदाज येतो. खाचांच्या तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली, की टायर संपला. पावसाळ्यापूर्वी मात्र या किमान मर्यादेची वाट पाहू नये.

२. जन्मतारीख : टायरच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. दुकानातून घेतानाही हे आकडे पाहावेत. न वापरलेला टायरही ऊन, हवा आणि ओझोन यांमुळे कडक होत जातो.

३. भेगा : भिंतीवर किंवा खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा दिसल्या, तर नक्षी कितीही चांगली असो, टायर बदलावा. आपल्या भागातील कडक उन्हात वर्षभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे विशेष लागू आहे.

४. हवा : टायर थंड असताना, आठवड्यातून एकदा, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबाप्रमाणे हवा भरावी. मागे माणूस किंवा ओझे असेल तर मागच्या चाकाचा दाब वेगळा दिलेला असतो. लांबचा प्रवास करून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसला, म्हणून हवा काढू नये.

५. वेग आणि भार : टायरवर शेवटी एक इंग्रजी अक्षर असते. ‘एल’ म्हणजे ताशी १२०, ‘पी’ म्हणजे १५० आणि ‘एस’ म्हणजे १८० किलोमीटरची मर्यादा. त्याआधीचा आकडा भारक्षमता सांगतो. टायर बदलताना ही दोन्ही चिन्हे मूळ टायरपेक्षा कमी नसावीत.

६. पहिले काही किलोमीटर : नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर आणि ब्रेकवर जपून चालवावे. पहिल्या पावसातही तसेच. धूळ, तेल आणि पाणी मिळून रस्त्यावर निसरडा थर बनतो. गळिताच्या हंगामात दौंडकडील रस्त्यांवर उसाचे पाचट आणि चिखल पडलेला असतो, तिथे कोणताही टायर पुरा पडत नाही; तिथे केवळ वेग कमी करणे हाच उपाय.

समारोप

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवर होती. हे सर्व अपघात टायरमुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. तथापि ब्रेक कितीही चांगले असोत आणि चालक कितीही सावध असो, थांबण्याचे अंतिम काम तळहाताएवढ्या रबरालाच करावे लागते. ते रबर शिळे झाले असेल तर बाकीची सारी काळजी व्यर्थ जाते. शर्यतीच्या मैदानात प्रत्येक टायरची नोंद ठेवली जाते : कधी बसविला, किती वेळा तापला, किती फेऱ्या धावला. आपणही घरातील दुचाकीच्या टायरची तारीख एखाद्या वहीत लिहून ठेवली, तर खर्च काहीच नाही आणि लाभ मोठा आहे.

आपल्या विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुला-मुलींसाठी या विषयात शिक्षणाची आणि कामाची वाटही आहे. रबर तंत्रज्ञान, पदार्थविज्ञान आणि वाहन अभियांत्रिकी यांचा संगम म्हणजे टायर. ठाणे येथे रबराच्या संशोधनाला आणि चाचणीला वाहिलेली राष्ट्रीय पातळीवरील संस्था आहे, पुण्यात १९६६ पासून वाहन संशोधनाची एआरएआय ही संस्था कार्यरत आहे, आणि कारखाने तर आपल्या दाराशी आहेत. रसायनशास्त्राच्या तासाला गंधकाच्या गाठी समजून घेणारी एखादी विद्यार्थिनी उद्या अधिक काळ टिकणारे आणि तरीही रस्ता घट्ट धरणारे रबर तयार करील, अशी अपेक्षा बाळगण्यास हरकत नाही.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एवढीच विनंती, की ही स्मरणिका वाचून झाल्यावर आपल्या दुचाकीपाशी जावे, खाली बसावे आणि टायरवरचे ते चार आकडे वाचावेत. नक्षीवर हात फिरवावा, भेगा पाहाव्यात. गरज असेल तर टायर बदलावा. घरी वाट पाहणाऱ्या माणसांच्या दृष्टीने हा खर्च नसून ती दक्षता आहे.